मोर्चातले फादर
वसईत बिल्डरांचा डोळा शेतजमिनींवर गेला आणि विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. धमक्या आल्या, ते हटले नाहीत. पाद्र्याने प्रार्थना सांभाळावी, असे काहींचे म्हणणे होते. (गरिबांच्या जमिनी लाटणाऱ्यांवर तुटून पडताना बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याने कुणाची परवानगी घेतली होती?) पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोध झाला. प्रकृती बरी नसतानाही ते संमेलनाला गेले, परखड बोलले, पण विरोधकांविषयी कडवट झाले नाहीत. मला लढ्याइतकेच हे अवघड वाटते. फादर २०२४ मध्ये गेले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ जरूर वाचा.