टाय लावलेली जमात

पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाचा काळा बिल्ला, आणि सोबत अगदी तसाच दुसरा एक मुलगा. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचे हे तरुण प्रचारक जगभर दारं ठोठावत फिरतात. त्यांच्यावरचा ‘द बेस्ट टू इयर्स’ नावाचा जुना विनोदी चित्रपट सुट्टीत घरच्यांसोबत पाहिला. शिवीगाळ नाही, कपड्यांचा प्रश्न नाही. मुलं शेजारी बसली असताना रिमोट हातात धरून बसावं लागलं नाही, हे आजकाल कमी नाही.

गोष्ट छोटीशी आहे. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात चार प्रचारक एका घरात राहतात. रॉजर्स नावाचा मुलगा कंटाळला आहे. मुदत संपत आलेली, मायदेशी प्रेयसीने त्याच्याच जुन्या जोडीदाराशी संसार थाटलेला, आता दिवस ढकलायचे. तेवढ्यात त्याच्या गळ्यात कॅल्हून नावाचा नवखा पडतो. चष्मेवाला, ओक्लाहोमाहून आलेला, उत्साहाने फसफसणारा. याला डच भाषा येत नाही, पण बोलायचं मात्र थांबत नाही. वर्गात उर्दू माध्यमाची मुलं ‘मेरी किताब’च्या चालीवर ‘माझी पुस्तक’ म्हणतात आणि मी रोज ‘माझं पुस्तक’ करून घेते. त्यामुळे कॅल्हूनची धडपड मला फार ओळखीची वाटली. परक्या भाषेत चुकत चुकत बोलणाऱ्या माणसावर हसताना त्याच्याबद्दल माया वाटायला लागते. हा चित्रपट नेमका तिथेच चालतो.

पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळं आहे. या मुलांचं आयुष्य बघताना सारखी तब्लिगी जमात आठवत होती. त्यांची दोन वर्षं, आपला चाळीस दिवसांचा चिल्ला किंवा चार महिने. खर्च त्यांचाही स्वतःचा किंवा घरच्यांचा, आपलाही स्वतःचा. ते जोडीने निघतात, आपल्या गश्तीत रहबर, मुतकल्लिम आणि अमीर असतात. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना मना. (चहा मना केला तर आपल्या किती जमाती निघतील, हा विचार सोडून देते.) 2019 पर्यंत तर त्यांना घरी फोनही वर्षातून दोनदाच करता यायचा, एक नाताळला आणि एक मातृदिनी. एकोणीस वर्षांच्या पोराला ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, म्हणायचं आणि आईशी बोलायला मात्र सहा-सहा महिने थांबवायचं!

एक फरक स्पष्ट करायला हवा. ते इतरांना आपल्या पंथात आणायला निघतात. तब्लिगवाले मुख्यतः मुसलमानांनाच मशिदीकडे बोलावतात. आणि अकीद्याच्या बाबतीत त्यांची वाट वेगळी, आमची वेगळी. नबुव्वत मुहम्मद (स.) यांच्यावर पूर्ण झाली, हा आमचा ईमान, 1830 साली न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापणाऱ्या जोसेफ स्मिथना ते पैगंबर मानतात. इथे मधला रस्ता नाही आणि मला तो शोधायचाही नाही.

मला हेवा वाटला तो त्यांच्या हसण्याचा. या लोकांनी थोडं सोसलेलं नाही. 1838 मध्ये मिझुरीच्या गव्हर्नरने त्यांना राज्यातून हाकला नाहीतर नष्ट करा, असा हुकूम काढला होता. 1844 मध्ये जमावाने जोसेफ स्मिथना तुरुंगात घुसून मारलं. बहुपत्नीत्व चर्चने 1890 मध्ये अधिकृतपणे थांबवलं, पण जग अजून त्यांच्या बायका मोजतं. ‘चार बायका’वाले विनोद ऐकत मोठ्या झालेल्या मला हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी 2000 नंतर त्यांच्यातल्याच श्रद्धाळू लोकांनी ‘द सिंगल्स वॉर्ड’, ‘द आर.एम.’ असे स्वतःची गंमत करणारे चित्रपट काढले. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर बाहेरच्यांनी त्यांची टर उडवणारं नाटक आणलं, तेव्हा चर्चने त्याच नाटकाच्या पुस्तिकेत जाहिरात दिली: नाटक पाहिलंत, आता ग्रंथही वाचा, अशा अर्थाची. ना मोर्चा, ना पुतळा जाळणं. हा हजरजबाबीपणा मला फार आवडला.

आपल्याकडे विनोद नाही असं कुणी म्हणू नये. उर्दू शायरीने शेख आणि वाइज यांना शतकानुशतकं सोडलेलं नाही. गालिबचे रमजानवरचे किस्से आहेत, अकबर इलाहाबादी आहेत, दखनी मिजाहिया मुशायरे आहेत. पण तिथे हसणारा बहुतेक वेळा बाहेर उभा असतो, प्याला हातात घेऊन. खुद्द वाइज स्वतःवर हसतोय, असं क्वचित दिसतं. गश्त आल्यावर मोहल्ल्यात काय होतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पोरगं दार उघडतं आणि निरागसपणे सांगतं, ‘अब्बा बोल रहे, अब्बा घर में नइं.’ बाहेरचे अमीरसाहेब ओठ दाबून हसू आवरतात. दाराआडून आम्ही बायका हे सगळं ऐकतो. बारावीची परीक्षा देऊन पहिल्यांदा जमातीत गेलेला मुलगा, खिदमतची पाळी आल्यावर वीस जणांच्या खिचडीत दोनदा मीठ टाकतो. बयानला उभा राहिल्यावर पाठ केलेलं विसरतो. रात्री मशिदीत बिछान्यावर अम्मीची आठवण काढतो. यातलं काय पडद्यावर आलं?

आलं ते 2020 चं. मार्चनंतर टीव्हीवर टोपी-दाढीचा प्रत्येक माणूस विषाणू झाला. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तब्लिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं दिसतं, असं नमूद केलं. निकाल किती जणांनी वाचला? चित्रं मात्र सगळ्यांनी पाहिली होती. ज्यांच्या मनात खिचडी खारट करणाऱ्या त्या मुलाचं आधीचं एखादं चित्र असतं, त्यांना दुसरं चित्र विकणं थोडं तरी अवघड गेलं असतं, असं मला वाटतं.

‘द बेस्ट टू इयर्स’ थोर चित्रपट नाही. डच माणसं त्यात देखाव्यापुरती आहेत, बाया जवळजवळ नाहीतच, आणि रॉजर्सचा कंटाळा शेवटाकडे जरा पटकन उतरतो. ‘हलाल लव्ह स्टोरी’ हा झकरिया यांचा 2020 चा मल्याळम चित्रपट मला त्याहून सरस वाटतो. त्यात एका धार्मिक संघटनेचे लोक ‘हलाल’ टेलिफिल्म बनवायला निघतात, नवरा-बायकोची भूमिका खऱ्या नवरा-बायकोलाच देतात आणि त्यांच्याच संसारातल्या गोष्टी उघड्या पडतात. दीनदार माणसं तिथे भोळी आहेत, हट्टी आहेत, कधी चुकतात, आणि कुणी त्यांना कमी लेखत नाही. मलप्पुरमला जे जमलं ते मालेगावात का जमू नये? तिथे तर हिंदी सिनेमांच्या नकला करून पोट धरून हसवणारे चित्रपट तुटपुंज्या पैशांत बनले आहेत. कॅमेरे आहेत, हौशी नट आहेत, बोली तर अशी की संवाद लिहायची गरज पडू नये. एखाद्या चार महिन्यांच्या जमातीची गोष्ट हवी, बस. ती तमिळनाडूत गेली आहे, तिथली भाषा एकालाही येत नाही, आणि मुतकल्लिम म्हणून सगळ्यात बडबड्याला निवडलं आहे.