आधी जेसीबी, मग नकाशा?

कोकणात किंवा मुळशी-मावळात उताराची जागा घेतली की पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला. ‘आधी प्लॉट साफ करा, लेव्हल करून घ्या, घराचं मग बघू,’ हा सल्ला ठेकेदार देतो, शेजारचा फार्महाऊसवाला देतो आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही वास्तुरचनाकारही देतात. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. जेसीबीच्या दोन दिवसांच्या कामात घराचा अर्धा आराखडा ठरून जातो. पाणी कुठून वाहील, सावली कुठे पडेल, दरी कुठल्या खोलीतून दिसेल, हे सगळे कागदावर पहिली रेघ ओढण्याआधीच यंत्राचा चालक ठरवून मोकळा होतो.

सपाट जागेवर बांधकाम स्वस्त पडते, असे सांगितले जाते. मुळातच सपाट असलेल्या जागेवर पडते. उताराचे गणित वेगळे आहे. सहा मीटरला एक मीटर उतार धरा. त्यावर उताराच्या दिशेने 18 मीटर रुंद चौथरा काढायचा, तर वरच्या आणि खालच्या कडेत 3 मीटरचा फरक येतो. वर दीड मीटर खणायचे, खाली दीड मीटर भराव घालायचा, दोन्हीकडे भिंती बांधायच्या. अर्धे घर मूळ मुरमावर आणि अर्धे भरावावर राहिले, की भेग पडते ती नेमकी त्या सांध्यावर. शिवाय भिंतीमागे पाणी तुंबले की तिच्यावरचा दाब दुपटीच्या घरात जातो, आणि कोकणात पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो. घराच्या अंदाजपत्रकात या भिंती बहुधा नसतातच. त्या पुढे वेगळ्या बिलातून समोर येतात.

‘पण झाडे आम्ही ठेवली आहेत की!’ हे उत्तर मला सर्वांत जास्त छळते, कारण एकेकाळी मीही ते देत असे. माझ्या एका कामात जुना ऐन जपायचा होता. त्याच्यावर कुऱ्हाड पडली नाही, फक्त भरावाची दोन-अडीच फूट माती बुंध्याशी आली. पुढचे दोन पावसाळे तो हिरवा होता. तिसऱ्या वर्षी त्याला पालवी फुटलीच नाही. झाडाची पाणी-अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरच्या मातीत असतात आणि त्यांना हवा लागते. वर माती दाबून बसवली की ती गुदमरतात. झाड सावकाश मरते, म्हणून दोष किडीला दिला जातो. ब्रिटिश मानकांचा साधा नियम आहे: बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ राखावे. अर्धा मीटर जाडीच्या फणसाभोवती 6 मीटर. तेवढ्यात खणणे नको, भराव नको, सिमेंटच्या गोण्या नि ट्रकची चाकेही नकोत.

मुळे पाया फोडतात, ही भीती सरसकट खरी नाही. काळ्या मातीत झाड पाणी ओढते, माती आकसते आणि पाया हलतो. तिथे अंतर राखलेच पाहिजे. जांभ्याच्या मुरमात तसे होत नाही. भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळ मात्र उपटावाच, आणि पोखरलेले झाड घरावर झुकले असेल तर तेही उतरवावे. मी झाडांची पूजा मांडायला सांगत नाही; प्रत्येक झाड पाहून निर्णय घ्या, एवढेच म्हणतो. पाला पडून पन्हळी तुंबतात, ही तक्रारही ऐकू येते. कोकणातल्या बहुतेक जुन्या घरांना पन्हळच नव्हती. पागोळ्या सरळ खालच्या दगडी चरात पडत.

जुने लोकही जमीन कापत होतेच, असे कोणी म्हणेल. कापत होते, पण कुदळीने, जोत्यापुरती आणि खळ्यापुरती. त्यांचा गडगा सुक्या दगडांचा असे, पाणी त्याच्यातून झिरपून जाई.

मग बांधावे कसे? समउंचीच्या रेषेने, उताराला आडवे, लांब आणि अरुंद. घराची रुंदी 18 ऐवजी 6 मीटर ठेवली की त्याच उतारावर फरक उरतो एक मीटरचा. तेवढा जोत्यात सहज जिरतो. घराच्या दोन्ही अंगांना खिडक्या येतात, वारा आरपार जातो. उतारावरच्या घरात पायऱ्या आल्या तर वृद्धांचे काय, हा आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, आणि त्यालाही उत्तर याच मांडणीत आहे: निजायची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि पडवी एकाच पातळीवर, एका रांगेत. पायऱ्या फक्त पाहुण्यांच्या खोलीकडे. सलग पायाऐवजी सुटे खांब घेतले, तर खणताना मोठे मूळ लागल्यावर खांब हातभर सरकवता येतो.

हे जुनाट घरांचे गोडवे नाहीत. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी 1935 साली आराखडा केलेल्या ‘फॉलिंगवॉटर’ या घरात काँक्रीटची तुळई झाडाला वळसा घालून जाते. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला स्वतःचे घर खडकाळ, तीव्र उतारावर थोडेथोडे करत वाढवले.

म्हणून जागा घेतल्यावर आधी मोजणीदार बोलवा. समउंचीच्या रेषा, प्रत्येक झाडाचा बुंधा आणि विस्तार, कातळ, पावसाळी ओहोळ, सगळे एका कागदावर येऊ द्या. जमल्यास एका आषाढात छत्री घेऊन तिथे जा आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते पाहा. मग चुन्याची फक्की मारा. जेसीबीला बोलवायचे असेल तर त्यानंतर, आणि तो झाडांच्या वर्तुळांबाहेर थांबेल असा दोर बांधून.