हवेचा हिशेब

मोटारीच्या चाकात हवा भरण्यासाठी बॅटरीवर चालणारे, तारेवाचून कोठेही नेता येणारे छोटे पंप आता दोन-तीन हजार रुपयांत मिळू लागले आहेत. त्यांच्या विक्रीसाठी इंधनबचतीचा मुद्दा हटकून पुढे केला जातो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाप्रमाणे, चारही चाकांतील सरासरी दाब एका पौंडाने घटला की इंधनक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने उतरते. पाच पौंडांची घट म्हणजे एक टक्का. महिन्याला चार हजारांचे पेट्रोल जाळणाऱ्या नोकरदाराचे त्यापायी चाळीस रुपये जातात. अडीच हजारांचा पंप एवढ्या बचतीतून फिटण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर त्यातील बॅटरी थकलेली असण्याचाच संभव अधिक. निव्वळ काटकसर म्हणून हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

त्याची उपयुक्तता अन्यत्र आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबतात, तो तापतो आणि वेगात फुटू शकतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. तेथे ही हयगय प्राणांशी गाठ घालते. दाब मोजावयाचा तो टायर थंड असताना. गाडी चार-पाच किलोमीटरवरील पेट्रोलपंपापर्यंत नेली की टायर तापतो, दाब वाढतो आणि काटा फसवा आकडा दाखवितो. पहाटे दारातच, चाक हलण्यापूर्वी, दाब पाहून हवा भरता यावी हा या यंत्राचा खरा लाभ होय. शिवाय २०२० साली केंद्राने ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट दिली. स्टेपनीच नसेल तर हाताशी हवा असणे ही चैन कशी म्हणावी?

मर्यादाही आहेत. छोटा पंप लवकर तापतो. मालमोटारीचे चाक त्याच्याकडून भरणे नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली बॅटरी लवकर निकामी होते, आणि तीही वेळोवेळी चार्ज करावी लागते. (एवढी आठवण ठेवणारा गृहस्थ बहुधा हवाही वेळेवर भरत असतो!) महिन्यातून एकदा लागणारी वस्तू घरोघरी असण्यापेक्षा गृहनिर्माण संस्थेने एक-दोन घेऊन सर्वांसाठी ठेवणे अधिक किफायतीचे.

परंतु रिक्षावाला किंवा जुन्या स्कूटरवरून कामाला जाणारा कारकून या खरेदीच्या वाटेस जाणार नाही. त्याच्यासाठी पेट्रोलपंपावरील मोफत हवा आहे. ती पुरविणे पंपचालकांवर बंधनकारक असूनही अनेक ठिकाणी हवेचे यंत्र बंद असते, नाही तर त्यापाशी माणूस नसतो. खासगी पंपांचा खप वाढला म्हणून तेल कंपन्यांनी या सेवेकडे काणाडोळा करता कामा नये. तेथील दाबमापके ठराविक मुदतीने तपासली जावीत आणि तपासणीची तारीख ग्राहकाला दिसेल अशी लावली जावी.