व्यसनमुक्तांचे घर : दया नव्हे, सामूहिक जबाबदारी

दारूच्या विळख्यातून सुटू पाहणाऱ्या कामगाराला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात; राहायला जागा देणारा क्वचितच भेटतो. उपचार संपवून तो त्याच वस्तीत, त्याच कंत्राटी मजुरीच्या अनिश्चिततेत आणि गुत्त्याच्या त्याच वाटेवर परततो. तो पुन्हा घसरला, की दोष त्याच्या ‘दुबळ्या मना’वर ढकलला जातो. सत्ताधारी वर्गाला हे विश्लेषण सोयीचे आहे. परंतु ते खोटे आहे.

या संदर्भात अमेरिकेतील एक अनुभव उद्बोधक आहे. १९७५ साली मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे स्थानिक प्रशासनाने खर्चकपातीपायी व्यसनमुक्त पुरुषांचे एक निवासगृह बंद केले. तेथील रहिवाशांनी तीच इमारत भाड्याने घेऊन स्वतः चालवावयास घेतली. हेच पहिले ऑक्सफर्ड हाउस. तेथे पगारी व्यवस्थापक नाही. पदाधिकारी रहिवाशांनीच निवडावयाचे. खर्च सर्वांनी वाटून घ्यावयाचा. नव्या माणसाच्या प्रवेशास ८० टक्के रहिवाशांची संमती हवी. पुन्हा व्यसन करणाऱ्याने घर सोडावयाचे. मुक्कामास मात्र मुदत नाही. नियम पाळणारा हवे तितके दिवस राहू शकतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार संपविलेल्या १५० व्यक्तींपैकी निम्म्यांना अशा घरांत ठेवण्यात आले आणि उरलेल्यांना नेहमीच्या पद्धतीने सोडण्यात आले. दोन वर्षांनंतर पुन्हा व्यसन करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ६५ टक्के आढळले. माणूस तोच, बदलले ते त्याच्या भोवतीचे संबंध. जो काल केवळ ‘रुग्ण’ होता, तो आज घराचा हिशेब ठेवतो, मत देतो, सोबत्याला सावरतो. आधार म्हणतात तो हाच.

तथापि या प्रयोगाची मर्यादाही ओळखली पाहिजे. भाड्याचा वाटा तोच देऊ शकतो, ज्याच्या हाती नियमित मजुरी आहे. घसरलेल्याला घराबाहेर काढणे इतरांच्या रक्षणासाठी आवश्यक असेल. पण त्याला रस्त्यावर न सोडता पुन्हा उपचाराकडे नेण्याची व्यवस्था नसेल, तर ती शिस्त न राहता क्रौर्य ठरेल. आणि स्वावलंबनाचे गोडवे गात शासनाला अंग काढून घेऊ देणे, हा तर उघड धोका होय.

आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य मानले. प्रत्यक्षात बहुतेक राज्ये मद्यावरील उत्पादन शुल्कातून तिजोऱ्या भरीत आहेत. त्या महसुलाचा निश्चित हिस्सा अशा घरांसाठी राखून ठेवावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. उपचार घेणाऱ्या कामगाराची नोकरी सुरक्षित राहील, असे कलम कामगार संघटनांनी वेतनकरारात आग्रहाने घातले पाहिजे. घराचा कारभार रहिवाशांच्या हाती आणि खर्चाचा भार शासनाच्या शिरावर, हेच आपले सूत्र असावे.

घसरलेल्या सोबत्याला हिणवणे सोपे आहे. त्याला पुन्हा आपल्या रांगेत उभे करणे, हे वर्गबंधुत्वाचे काम आहे.