मशीनलाही गोडं पाणी पाजा

मंडळी, आज जरा रागावूनच लिहितो आहे. विषय आहे होडीचं मशीन. पुण्या-मुंबईची नातेवाईक मंडळी लगेच म्हणतील, आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलेल्या माणसाला मशीनमधलं काय कळतं? कबूल, मेकॅनिकइतकं कळत नाही. पण मी किनाऱ्यावर राहतो, घरात पुतण्याची होडी आहे, आणि माझे कितीतरी विद्यार्थी आज पर्यटक नाहीतर जाळी घेऊन समुद्रात जातात. त्यांच्यातले दोन-तीन तरी दर वर्षी तोंड पाडून सांगतात, "सर, मशीन बसलं." मग आधी कंपनीला शिव्या, नंतर मेकॅनिकला, नंतर तांडेलाला. मिठाला मात्र कुणी शिवी देत नाही. आणि मिठाला आत मुक्काम करू देणाऱ्याला तर नाहीच नाही.

ज्यांनी हे मशीन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होडीच्या पाठीमागे टांगतात ते आऊटबोर्ड. मोटारीला रेडिएटर असतो, याला नसतो. खालच्या जाळीतून ते समुद्राचंच पाणी ओढून घेतं, आतला एक रबरी पंखा ते पाणी वर ढकलतो, गरम सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटांतून ते फिरतं आणि धुराबरोबर खाली बाहेर पडतं. बाजूच्या भोकातून एक बारीक धार उडत असते. ती धार म्हणजे मशीनची नाडी. ती उडते आहे तोवर पाणी फिरतं आहे असं समजायचं.

आता एक सोपं गणित. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. संध्याकाळी मशीन बंद केलं की आत थोडं पाणी राहतं. मशीन गरम असतं, पाणी उडून जातं, मीठ तिथेच बसतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी थोडं. आपल्याकडची मिठागरं याच तत्त्वावर चालतात! फरक इतकाच की मिठागरातलं मीठ विकता येतं आणि मशीनमधलं मीठ आपल्याला विकायला लावतं.

यावर उपाय एका वाक्याचा आहे. समुद्रातून आलं की त्याच संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं मशीनमधून गोडं पाणी फिरवायचं. बस्स. पण हे सांगितलं की जी उत्तरं मिळतात, त्यांवरच आज बोलायचं आहे.

उत्तर पहिलं: "सर, मशीन दर्यात चालूकच केलेली आसा, मगे मिठाक कित्याक भियाचा?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण या मशीनचा वंश पाहा. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये आऊटबोर्डचा धंदा सुरू केला. तो मुलूख गोड्या पाण्याच्या तळ्यांचा. समुद्र या मशीनला नंतर भेटला. पुढे चांगले मिश्रधातू आले, रंग आले, आणि स्वतः झिजून मशीनला वाचवणारे झिंकचे तुकडेही आले. (त्या तुकड्यांवर हौसेने रंग मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. रंग मारला की तो तुकडा शोभेचा.) एवढं सगळं करूनही कंपनी आपल्या पुस्तकात लिहिते की खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. ते पुस्तक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गणपतीच्या फोटोमागे ठेवलेलं असतं.

उत्तर दुसरं: "आमच्या बापाशीन कधी धुतल्यान नाय." अरे, तुझ्या बापाच्या होडीला शीड होतं आणि वल्हं होतं. वल्ह्याच्या पोटात पाण्याच्या वाटा नसतात.

उत्तर तिसरं: "आम्ही खाडीतच फिरवतो, तिथलं पाणी गोडं." पावसाळ्यानंतर काही दिवस असेल. पण देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मे महिन्यातल्या भरतीचं पाणी जिभेवर घेऊन पाहा म्हणजे कळेल. वर खाडीत गाळ जास्त, तोही त्याच वाटांत जाऊन बसतो.

उत्तर चौथं: "रोज कित्याक? आयतवारी एकदम धुतो." यातली गफलत अशी, की नुसतं मीठ पाण्यात विरघळेल, पण त्याच्यासोबत बसलेला चुनखडीसारखा थर आणि ॲल्युमिनियमचा गंज साध्या पाण्याने निघत नाही. पाण्याची वाट नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट अडकतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात असे धरतात की सोडवताना मोडतात. आठवड्याचा अभ्यास रविवारी करणारी मुलं मी पस्तीस वर्षं पाहिली आहेत. त्यांचं काय होतं ते मला सांगू नका :)

उत्तर पाचवं मात्र खरं आहे, म्हणून त्याला हसणार नाही. "सर, मे महिन्यात प्यायला पाणी नाही, मशीनला कुठून घालू?" कोकणात एवढा धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, हे आपलं जुनं दुखणं. पण हिशेब करू. मिनिटाला दहा लिटर धरले तर दहा मिनिटांना शंभर लिटर, म्हणजे सहा-सात बादल्या. त्याच घरी उतरलेले चार पर्यटक समुद्रातून आले की अंगाचं मीठ घालवायला आठ बादल्या सहज ओततात, आणि आपण "घ्या हो, लागेल तेवढं" म्हणतो. ज्या मशीनच्या जिवावर ते पर्यटक आले, त्याला सहा नाहीत? शिवाय बऱ्याच नव्या मशीनला नळी जोडायचं तोंड असतं. तिथे मशीन बंद ठेवूनच धुवायचं असतं. ते पाणी थोडंसं खारट असतं, पण माड तेवढं सोसतो. छोटं मशीन असेल तर पिंपात टांगून धुता येतं. मात्र मशीन चालू ठेवून धुतलेल्या पाण्यात तेल उतरतं, ते माडाला घालू नका.

पद्धतही सांगून टाकतो. खालच्या जाळीला रबरी वाट्या लावून मशीन चालू ठेवून धुणार असाल तर पंखा काढून ठेवा, गिअर न्यूट्रलला, आधी पाणी चालू, मग मशीन. बंद करताना उलट. पाण्याशिवाय मशीन क्षणभरही चालवू नका, आतला रबरी पंखा जळतो. बंद खोलीत तर मुळीच नको, धूर विषारी असतो. धुऊन झालं की मशीन उभंच राहू द्या, सगळं पाणी निथळू द्या.

एवढं सोपं असून होत का नाही? माझं मत ऐका, मालक मंडळींना राग आला तरी चालेल. पाणी हे निमित्त आहे, खरा प्रश्न त्या शेवटच्या अर्ध्या तासाचा आहे. होडीवरच्या पोराला पैसे फेरीवर मिळतात. शेवटची फेरी दिवेलागणीला संपते. उतारू उतरले, पैसे मिळाले, पोर घरी. त्यापुढे नळी ओढत आणायची, वाट पाहायची, पुसायचं, याचे त्याला शून्य रुपये. मग मशीन बसलं की मालक ओरडतो, "पोरं कामचुकार." अहो, ज्या कामाला तुम्ही काम मानलंच नाही, ते चुकवलं असं कसं म्हणता? लाखांचं मशीन कर्ज काढून आणता आणि रोजच्या अर्ध्या तासाची मजुरी जड जाते? धुणं हा फेरीचाच भाग आहे. फेरीच्या पैशांत तो धरा, पोराच्या हातावर वेगळे ठेवा, आणि मग दटावून विचारा. मीठ हटेल.

आणि हा फक्त पैशांचा मामला नाही. पाण्याची वाट बुजली की मशीन तापतं, आणि तापलेलं मशीन धक्क्यावर येऊन बंद पडेन असं वचन देत नाही. नदीच्या मुखाशी, जिथे लाटा फुटतात, तिथेही ते बंद पडू शकतं. मशीन बंद पडलेली होडी लाटेला आडवी होते. त्या वेळी होडीत कुणाची तरी पोरंबाळं असतात.

यंदा पाऊस लागण्याआधी मशीन उतरवाल, तेव्हा शेवटचं धुणं नीट करा. बंदीच्या महिन्यांत आतलं मीठ सुट्टी घेत नाही, ते खातच असतं. आणि हंगाम उघडला की पहिल्या दिवसापासून त्या अर्ध्या तासाचे पैसे ठरवून टाका. किती ते तुमचं तुम्ही ठरवा. मला फक्त आकडा शून्य नको आहे.