सरासरीच्या पदराआड परभणीच्या मुली

मैत्रिणींनो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीने एक आकडा आपल्यासमोर ठेवला आहे. परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. देशाचा आकडा २३.३ टक्के, महाराष्ट्राचा २१.९. पुरोगामी म्हणवणाऱ्या या राज्यात आपल्याकडची जवळजवळ दर दुसरी मुलगी बालवधू!

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. दर पाच वर्षांनी सरकारने जिनिव्हातील समितीपुढे अहवाल ठेवायचा, समितीने प्रश्न विचारायचे, अशी रीत आहे. २०१४ मध्ये समितीने भारताला बजावले की २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याची नीट अंमलबजावणी करा आणि तो सर्व धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांच्या वर आहे हे स्पष्ट करा.

यावर काही जण म्हणतात, परक्यांनी आमच्या घरात का डोकवावे? हा सूर जुनाच आहे. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला विरोध करताना टिळकांनीही परक्या सरकारच्या हस्तक्षेपाचाच मुद्दा लावून धरला होता. आज तर सरकार आपले आहे आणि करारात सामील होण्याचा निर्णयही त्याचाच आहे. मग जाब विचारण्याचा पहिला हक्क जिनिव्हाचा की आपला?

दुसरे म्हणतात, कायदा कडक करा, गुन्हे दाखल करा. आपल्याकडे गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकलेली आहे. ज्यांच्याशी रोज काम पडते त्यांच्याच मांडवात त्याने पोलीस घेऊन जायचे! तरीही लग्न थांबते, फोटो निघतो, 'इतके बालविवाह रोखले' अशी बातमी छापून येते. पुढे त्या मुलीचे काय झाले, हे कोण विचारते? ती शाळेत परतली, की महिन्याभराने मामाच्या गावी गुपचूप तिचे लग्न लावले? आधीच लग्न झालेली, पोटुशी असलेली मुलगी तर गुन्ह्याच्या भीतीने दवाखान्याची पायरी चढायलाही धजत नाही. शिक्षेच्या धाकाने लग्ने संपत नाहीत, लपतात. आणि लपलेल्या लग्नाची किंमत मुलगीच मोजते.

मुळाशी जायचे तर ऊसतोडीकडे पाहावे लागेल. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघाले की वयात आलेली मुलगी घरी एकटी ठेवायची भीती. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, आणि गावातली शाळा आठवीलाच संपली असेल तर बापाला लग्नच सुरक्षित वाटते. त्या बापाला नुसते दोषी ठरवून आपण शासनाला मोकळे सोडणार आहोत का?

म्हणून आपल्या मागण्या ठोस हव्यात. बालविवाहाचे आकडे तालुकावार जाहीर करा. हंगामी वसतिगृहे पाडव्यापर्यंत खरोखर चालू ठेवा आणि तिथे दहावीपर्यंतच्या मुलींना सुरक्षित जागा द्या. आठवीनंतरच्या मुलींसाठी वेळेवर एस.टी. सोडा. रोखलेल्या प्रत्येक लग्नातील मुलीची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत विचारपूस करा. आणि सरकारी यश मोजायचे ते रोखलेल्या लग्नांवर नव्हे, शाळेत टिकलेल्या मुलींवर.

करारातील कलम ४४ सांगते की सरकारने आपले अहवाल देशातल्या जनतेपर्यंत पोहोचवले पाहिजेत. तुमच्या ग्रामसभेत तो अहवाल मराठीत कधी वाचला गेला? येत्या महिला ग्रामसभेत प्रत्येक गटाने हा प्रश्न विचारावा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. दिल्लीच्या अहवालात परभणी सरासरीखाली दबून जाते. ती वर काढायची तर गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरचे अहवाल आपणच लिहायला घेतले पाहिजेत.