पाणी गळतंय? आधी कुठून ते पाहा

मैत्रिणींनो, लोणी काळभोरकडे ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं, त्यांना बादलीवरचा पांढरा थर काही नवा नाही. तोच क्षार पाणी तापवायच्या टाकीतही बसतो. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप हल्ली बऱ्याच जणी घेतात. गिझरच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा वीज लागते ना! पण त्याखाली ओल दिसली की जीव घाबरा होतो.

पंख्याच्या बाजूच्या नळीतून गार थेंब पडत असतील, तर ते हवेतलं बाष्प. पावसाळ्यात जास्तच. नळी मोरीत सोडली की झालं.

टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकतं, कारण तापलेलं पाणी फुगतं. पण यंत्र बंद असतानाही ते थांबत नसेल, तर बहुधा क्षार अडकलाय. अशा वेळी घरातलं कुणीतरी हुशार माणूस तिथे बूच ठोकून मोकळं होतं. हे मात्र मुळीच होऊ देऊ नका! दाब बाहेर पडायची वाटच बुजली तर टाकी फुटू शकते. वीज बंद करा, मेकॅनिकला बोलवा. टाकीला गंज लागू नये म्हणून आत स्वतः झिजणारी कांडी असते, तीही त्याच्याकडून वर्षातून एकदा तपासून घ्या.

पाणी कोमटच येतंय? हवेच्या जाळीवरची धूळ झाडा. आणि यंत्र पहाटेऐवजी दुपारी लावा. हवा गरम असली की पाणी लवकर तापतं, बिलही कमी येतं.